घटनाकारांचा शब्द आज किती मानायचा?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची गिरगावातली इमारत उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) आहे. सोसायटीच्या बैठकीत भाडेकरू आणि मालक दोघेही डॉ. आंबेडकरांचा दाखला देतात. एकाच्या मते घटना समाजवादी आहे, दुसऱ्याच्या मते त्यांनी समाजवाद नाकारला. खरे कोणाचे?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोघेही एकाच भाषणातला आपापल्या सोयीचा अर्धा भाग सांगत आहेत. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीचे सदस्य प्रा. के. टी. शहा यांनी पहिल्याच कलमात 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी' हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. ती नाकारताना डॉ. आंबेडकरांनी दोन कारणे दिली. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचे, घटनेने ते आधीच बांधून टाकू नये, हे पहिले. समाजवादी दिशा मार्गदर्शक तत्त्वांत (सरकारच्या धोरणासाठी घटनेने दिलेल्या सूचनांत) आलेलीच आहे, हे दुसरे. त्यासाठी त्यांनी मसुद्यातले कलम ३१ सभागृहाला ऐकवले. तेच आजचे कलम ३९. 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' सर्वांच्या हितासाठी वाटली जावी, असे त्याचा (ख) खंड सांगतो, आणि इमारतींच्या संपादनाचा वाद याच शब्दांवर उभा आहे.

आठवड्याभरात, २२ नोव्हेंबरला, शहांनी त्या खंडाऐवजी खाणी, जंगले, नद्या अशा नैसर्गिक संपत्तीची मालकी थेट देशाकडे देणारा मजकूर सुचवला. तोही फेटाळला गेला. 'म्हणजे घटनाकारांना सार्वजनिक मालकी नकोच होती' असा निष्कर्ष इथे हमखास काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. डॉ. आंबेडकरांचे उत्तर असे होते, की मसुद्याची भाषा अधिक व्यापक आहे आणि शहांना हवे ते तिच्यात बसते. दुरुस्ती फेटाळली गेली म्हणजे तिच्यामागचा विचारही फेटाळला गेला, असे होत नाही. ती का फेटाळली, हे प्रत्येक वेळी वाचावेच लागते.

आता मुंबईकडे येऊ. म्हाडा कायद्यात १९८६ साली प्रकरण ८-अ आले. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्थेसाठी मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन उपकरप्राप्त इमारत संपादित करण्याची सोय त्यात झाली, आणि आधार घेतला तो कलम ३९ (ख) चा. मालकांच्या संघटनेने दिलेल्या आव्हानातून निघालेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. बहुमत म्हणते, काही खासगी मालमत्ता 'समाजाची साधनसंपत्ती' ठरू शकते, सगळी नाही. ती वस्तू कशा स्वरूपाची आहे, तिचा समाजाच्या हितावर काय परिणाम होतो, ती किती दुर्मीळ आहे आणि मोजक्या हातांत साचली तर काय होईल, हे पाहायचे. घटनाकारांनी कोणताही एक आर्थिक पंथ पक्का केला नव्हता, हा या निकालाचा मोठा आधार आहे. आम्हाला घटना समितीतल्या चर्चेचा हा वापर योग्य वाटतो. घटनाकारांनी जो प्रश्न जाणूनबुजून पुढच्यांवर सोडला, त्याचे उत्तर त्यांच्याच तोंडी घालणे हा त्यांचा मान नव्हे.

प्रश्न : घटना समितीच्या चर्चा मूळातून वाचायच्या आहेत. सुरुवात कुठून करू?
– विधी शाखेची विद्यार्थिनी, दादर

उत्तर : पहिली अडचण क्रमांकांची. चर्चेत मसुद्यातले क्रमांक येतात, आणि ते आजच्यापेक्षा वेगळे आहेत : १० म्हणजे आजचे १६, १५ म्हणजे २१, ३५ म्हणजे ४४, ३०४ म्हणजे ३६८. आजचा आकडा घेऊन शोधलेत तर भलत्याच विषयात शिराल. मसुद्यातला क्रमांक मिळाला की फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यातली भाषा अंतिम घटनेशेजारी ठेवा आणि कोणता शब्द आला, कोणता गेला ते पाहा. मग त्या दिवशीच्या दुरुस्त्या, डॉ. आंबेडकरांचे उत्तर आणि शेवटी मतदान, या क्रमाने वाचा.

तेवढ्यावर थांबू नका. जीविताच्या हक्काच्या कलमावरची (मसुद्यातले १५) चर्चा १३ डिसेंबर १९४८ ला संपली असे वाटते. प्रत्यक्षात १५ सप्टेंबर १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी १५-अ आणले. अटक झालेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे आणि वकिलाचा हक्क त्यातून आला (आजचे कलम २२). फक्त १९४८ चा खंड वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते.

वजन देताना आमचा क्रम असा : मंजूर झालेला मजकूर, मग समित्यांचे अहवाल, मग मसुदा समितीच्या अध्यक्षांचे स्पष्टीकरण, आणि सर्वांत शेवटी एकेका सदस्याचे भाषण. सभागृहाने मत दिले ते मजकुरावर, भाषणांवर नव्हे.

प्रश्न : राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणारी १०२ वी घटनादुरुस्ती करणारे खासदार हयात होते, राज्यांचे अधिकार जात नाहीत असे संसदेत सांगितले गेले होते. तरी मराठा आरक्षणाच्या निकालात न्यायालयाने उलट अर्थ कसा लावला?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ५ मे २०२१ च्या निकालात या मुद्द्यावर पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी कलम ३४२-अ आणि ३६६ (२६ग) यांची भाषा प्रमाण मानली. मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार त्या भाषेत उरत नव्हता. उरलेल्या दोघांनी संसदीय समितीचा अहवाल आणि मंत्र्यांचे निवेदन यांना वजन दिले. हेतू आणि शब्द जुळत नसतील तर शब्द बदलून घ्यावे लागतात. संसदेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १०५ वी दुरुस्ती करून राज्यांचा अधिकार स्पष्ट लिहिला. मूळ घटनाकारांनीही हेच केले होते. मद्रासचा आरक्षणाचा आदेश एप्रिल १९५१ मध्ये रद्द झाला, तेव्हा हंगामी संसदेत बहुतांश घटना समितीचेच सदस्य होते. आपला हेतू काय होता हे न्यायालयाला सांगत बसण्याऐवजी त्यांनी जूनमध्ये मागास वर्गांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा देणारे कलम १५ (४) घातले.