वाचलेली वर्षं

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आजीच्या, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या, हाती देते आहे. देवनागरी वाचताना तू जोडाक्षरांना अडखळतेस, म्हणून अक्षर मोठं काढलंय. फोन केला असता, पण फोनवर तू लगेच "हो आजी, बरोबर आहे" म्हणतेस आणि विषय मिटतो. हा विषय मला मिटवायचा नाही.

तुझ्या सत्काराहून परतताना रिक्षात तू विचारलंस, "पीएचडीला जायच्या आधी एक वर्ष थांबले तर चौदाव्या वर्षी युनिव्हर्सिटीत गेल्याचा उपयोग काय झाला?" तेव्हा मी काही बोलले नाही. तुझे आजोबा शेजारी होते, नारळ आणि शाल मांडीवर घेऊन बसलेले, फार खुशीत होते. पण घरी आल्यावर मला झोप लागली नाही. राग आला होता. तुझ्यावर नाही गं. अठरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हा हिशेब ज्यांनी कोणी घातला, त्यांच्यावर.

उपयोग हाच झाला की आज तुझ्याकडे थांबायला वर्षं आहेत! शिल्लक पडली आहेत ती. शिल्लक कशासाठी असते? वेळेला खर्च करता यावी म्हणून. तू ती सगळी पुन्हा त्याच शर्यतीत लावायला निघाली आहेस, आणि तेही केवळ "सर्वांत लहान" हे बिरूद हातचं जाऊ नये म्हणून. वाचलेली वर्षं तुझी आहेत, शर्यतीची नाहीत. हेच मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

मुलांना लवकर विद्यापीठात घेणाऱ्या ज्या उपक्रमातून तू शिकलीस त्याचीच गोष्ट घे. अमेरिकेत सिएटलला १९७७ साली हॅल्बर्ट रॉबिन्सन या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी तो सुरू केला. त्यांची आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी रॉबिन्सन यांची मांडणी काय होती, हे तूच मला समजावून सांगितलंस. मुलाची जेवढी तयारी असेल, तिला साजेसा अभ्यास त्याला मिळाला पाहिजे. शाळेची गती ज्याला पुरत नाही त्याला वर्गात कोंडून ठेवू नये, एवढाच त्यांचा आग्रह. यात घाई कुठे आली? तुला आठवीनंतर ट्रान्झिशन स्कूलमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या तयारीच्या वर्गात, एक वर्ष काढावं लागलं आणि मग विद्यापीठाचे वर्ग खुले झाले, ते तुझ्या तयारीला साजेसं होतं म्हणून. मग तीच कसोटी आज का लावत नाहीस? आज तुझ्या तयारीला काय साजेसं आहे? पीएचडीचं पहिलं वर्ष, की आणखी काही? हा प्रश्न तू विचारतच नाहीस. "पुढे गेले की मागे पडले" एवढंच विचारतेस.

त्या सत्कारात तू जे भाषण केलंस तेही मला खटकलं, सांगूनच टाकते. चौदाव्या वर्षी प्रवेश, अठराव्या वर्षी पदवी, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी डॉक्टरेट, मग पोस्टडॉक, मग प्राध्यापकी. तुझ्याबरोबर पदवी घेतलेल्यांची यादीही सांगितलीस. एकीला मेडिकलला प्रवेश, एकजण मोठ्या कंपनीत, दोघांनी स्वतःची कंपनी काढली. टाळ्या भरपूर पडल्या. त्या भाषणात गणित कुठे होतं? तू गणितात पदवी घेतली आहेस, आणि अख्ख्या भाषणात आकडे होते ते फक्त वयाचे.

त्याच्या आदल्या आठवड्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर मी वेगळीच मुलगी पाहिली होती. पाऊस जरा उघडला म्हणून आपण गेलो होतो. पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे पाहत लोक कठड्याला टेकून उभे होते. "आयर्विनला किती?" हा सांगलीत पावसाळ्यात घरोघर चालणारा प्रश्न तुला मी समजावला. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर गेलं आणि आमच्या गावभागात घरांतून होड्या फिरल्या, हेही सांगितलं. तू ऐकत होतीस आणि मधेच म्हणालीस, "कोयनेतून सोडलेलं पाणी इथे किती तासांनी पोचतं? आणि ते दर वेळी तेवढ्याच तासांनी पोचतं का?"

मग तू घरी येऊन दोन दिवस कागद भरलेस. विसर्गाचे क्युसेकचे आकडे एका रांगेत, पुलावरची पातळी दुसऱ्या रांगेत. वारणा तर हरिपूरला, म्हणजे पुलाच्या खालच्या अंगाला कृष्णेला मिळते, मग तिला पूर असला की इकडे वर पातळी का चढते, यावर तू जेवणाच्या ताटावरून उठून गेलीस. मी म्हटलं, त्याला आमच्याकडे फुगवटा म्हणतात, खाली वाट अडली की पाणी मागे दाटतं. त्यावर तुझं समाधान झालं नाही. "किती मागे? कोणत्या समीकरणानं?" असं तू विचारलंस. तुझी आजी भाकरी गार होते म्हणून ओरडत होती. मला विचारशील तर तुझ्या पदवीपेक्षा मला त्या संध्याकाळचा आनंद जास्त झाला.

आणि हाच प्रश्न एक वर्ष इथे राहून धसाला लावावा असं तुला वाटतं. तुला वाटतं! माझी सूचना नव्हती ती, मी तोंडातून शब्द काढला नव्हता. तूच म्हणालीस, आणि दुसऱ्याच वाक्यात स्वतःला गप्प केलंस, "पण मग मी एकोणीस वर्षांची होईन." अगं, होशीलच. तिकडे गेलीस तरी होशील.

तुझ्या वडलांनी फोनवर मला त्या सिडिसचं उदाहरण दिलं. लवकर शिकलेली मुलं मधेच थांबली की वाया जातात, असं त्यांना सुचवायचं होतं. ते उदाहरण मला पाठ आहे, कारण ते माझ्याही डोक्यावर मारलं गेलं होतं. विल्यम सिडिस १९०९ साली अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये गेला. पुढच्याच जानेवारीत त्यानं तिथल्या गणित मंडळात चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं. १९१४ मध्ये पदवी घेतली. नंतर तो लोकांच्या नजरेआड, साध्या नोकऱ्या करत राहिला, आणि लोक त्याला वाया गेलेला म्हणू लागले. पण पुढचं कोणी सांगत नाही. तो एकांतात राहू पाहत होता आणि वर्तमानपत्रं त्याला राहू देत नव्हती. १९३७ मध्ये एका साप्ताहिकानं त्याला हुडकून त्याच्या खोलीपर्यंतचं वर्णन छापलं. तो कोर्टात गेला. १९४० मध्ये वरच्या कोर्टानं सांगितलं की लोकांना त्याच्याबद्दल कुतूहल आहे, सबब छापणं गैर नाही. चार वर्षांनी तो गेला, सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याला थांबण्यानं मारलं असं म्हणवत नाही मला. अकराव्या वर्षाचा तो आकडा जन्मभर त्याच्या मागे लागला होता. त्याची वर्षं त्याला कोणी स्वतःची म्हणून वापरूच दिली नाहीत.

१९०९ सालीच त्याच हार्वर्डमध्ये गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर आला होता, चौदाव्या वर्षी पदवी घेऊन. अठराव्या वर्षी डॉक्टरेट. ज्या सायबरनेटिक्ससाठी, म्हणजे यंत्रं आणि सजीव यांतल्या नियंत्रणाच्या शास्त्रासाठी, जग त्याचं नाव घेतं ते पुस्तकरूपानं १९४८ मध्ये आलं, तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. आपल्याकडचे रामन बघ. १९०४ मध्ये बी.ए., १९०७ मध्ये एम.ए., वय अठरा. मग लगेच कलकत्त्याला अर्थखात्यात नोकरी! दहा वर्षं सरकारी हिशेब तपासले आणि उरलेल्या वेळात बहुबाजारातल्या इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत काम केलं. रामन परिणाम १९२८ चा, तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. गणितज्ञ अक्षय वेंकटेश तेराव्या वर्षी ऑस्ट्रेलियात पर्थच्या विद्यापीठात गेले, विसाव्या वर्षी प्रिन्स्टनची डॉक्टरेट, आणि गणितातला मोठा सन्मान असलेलं फील्ड्स पदक २०१८ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी. यांतल्या कोणाचं कौतुक आज "लवकर" म्हणून होतं? आत शिरायची तेवढी घाई झाली, काम आपल्या गतीनं पिकलं. तू शिकलीस त्या उपक्रमातल्या संशोधकांनीही जुन्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतलेला आहे. लवकर गेल्याबद्दल बहुतेकजण समाधानी असतात. मलाही ते पटतं. लवकर जाण्याला माझा विरोध नाही, लवकर गेल्याचा पहारा करत बसण्याला आहे.

तू म्हणशील, आजीला हे सांगायला काय जातं? जातं बाळ. मला शाळेत दोन इयत्ता वर चढवलं होतं. चौदाव्या वर्षी मॅट्रिक, मग विलिंग्डन कॉलेज, एम.एस्सी. झाले तेव्हा वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या होत्या. मला एक वर्ष हवं होतं. फक्त एक. संख्यासिद्धांत (नंबर थिअरी) वाचायचा होता, परीक्षेविना, माझ्या मनानं. घरात विचारलं तर सगळे म्हणाले, "मिळवलेलं घालवतेस?" आणि दोन महिन्यांत मी व्याख्याती झाले. सर्वांत तरुण व्याख्याती. कार्यक्रमात तशीच ओळख करून द्यायचे. तिशी आली आणि ती ओळख एका दिवसात संपली. कोणी सांगितलंही नाही की संपली म्हणून. ते वर्ष मला मिळालं नाही याची रुखरुख मला अजून आहे, आणि ती तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

ते वर्ष मी चाळिशीनंतर घेतलं. बिनपगारी रजा. दोन मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तरी घेतलं. कॉलेजनं माझी सेवा खंडित धरली आणि ज्येष्ठता यादीत मला खाली ढकललं. माझ्यामागून आलेले विभागप्रमुख झाले. आजही नातेवाईक विचारतात, त्या वर्षानं काय दिलं? एक छोटासा शोधनिबंध दिला. आणि त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत प्रथम वर्षाचा तास कधी जुन्या वहीवरून घेतला नाही. ज्यांना हे कमी वाटतं त्यांना वाटो. मी सांगलीत राहिले ते दुसरं काही जमलं नाही म्हणून राहिले असं तुझ्या आईला वाटतं, मला ठाऊक आहे. तसं नाही. मला माझं काम इथे मिळालं आणि मी ते धरून ठेवलं. पण वीस वर्षांची असताना ते वर्ष मिळालं असतं तर डोकं ताजं होतं, पाठीवर संसार नव्हता. तुझं तसं आहे. आत्ता आहे.

तुझे आजोबा पंचविसाव्या वर्षी पदवीधर झाले, माहीत आहे ना? साताऱ्याला, छत्रपती शिवाजी कॉलेजात, कर्मवीरांच्या "कमवा आणि शिका" योजनेत. सकाळी शेतात काम, मग वर्ग. मधली काही वर्षं घरच्या अडचणीत गेली. त्यांच्या तोंडून मी "उशीर झाला" हे शब्द कधी ऐकले नाहीत. तू लवकर गेलीस, ते उशिरा गेले. दोघांनाही कळायला हवं ते एकच की वर्षं ज्याची त्यानं वापरायची असतात. त्यांना ते कळलं. तू त्यांच्यापेक्षा हुशार आहेस, तुलाही कळेल.

आता कामाचं. पंधरा एप्रिलला तू पीएचडीच्या प्रवेशाला होकार कळवला आहेस, त्यामुळे आता नुसतं "येत नाही" म्हणणं बरं दिसणार नाही. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, असं विभागाला सरळ विचार. काही विभाग देतात, काही देत नाहीत. शिष्यवृत्ती आणि अध्यापन साहाय्य पुढच्या वर्षीही तेवढंच राहील का, हे लेखी विचार. तोंडी आश्वासनावर राहू नकोस. ते नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज करावा लागेल, त्याची तयारी ठेव. आणि इथे राहायचं तर नुसतं पुलावर उभं राहून चालणार नाही. तुला नदीचे आडवे छेद लागतील, कोयना, वारणा, अलमट्टी तिन्ही धरणांचे विसर्ग तासवारीनं लागतील, ते मिळवायला पाटबंधारे खात्यात खेटे घालावे लागतील. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्थापत्य विभागात पाण्याचं गणित कळणारी माणसं असतील, त्यांच्याकडे आधी विद्यार्थी म्हणून जा. तिथे कोणालाही वय सांगू नकोस. विचारलं तरच सांग.

आणि प्रश्न फसला तर? फसू दे. आठ महिन्यांनी तुला कळलं की हे तुझं गणित नव्हे, तर ते आठ महिने कोणाचे होते? तुझेच. त्याबद्दल कोणाला जाब द्यायचा नाही, मलाही नाही.

तुझ्या आईचा फोन उद्या येईल. तिला मी समजावणार नाही, ते तूच कर, आणि रडू नकोस, आकडे घेऊन बोल, ती इंजिनिअर आहे. विभागाला मेल आजच लिही. उद्यावर टाकलीस तर पुन्हा तेच भाषण पाठ म्हणायला लागशील. मेलमध्ये कारण म्हणून नदीचा प्रश्न लिही, तू दोन दिवस कागदावर मांडलास तसाच. आधी मला दाखवायची गरज नाही.

तुझी,
आजीची मैत्रीण