गर्द घेणाऱ्या पोरांसोबत काम सुरू करताना

अगं, नॅकोची (सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) जाडजूड पुस्तिका राहू दे सध्या. आधी एवढंच बघ.

पहिल्याच भेटीत 'सोड रे हे' म्हणू नकोस, पोरगा पुन्हा दिसणार नाही. नव्या सुया दे, वापरलेल्या परत घे. त्या चिमट्याने थेट जाड डब्यात. टोपण बसवायला गेलीस की बोटात घुसलीच म्हणून समज.

हातावरचं गळू बघ. मलमपट्टी करता करताच एचआयव्ही, हेपटायटिस सीच्या तपासणीचा विषय निघतो.

ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, म्हणजे गर्दऐवजी देतात ते औषध, जिभेखाली पूर्ण विरघळू दे, गिळली तर जवळजवळ वाया. टर्की, म्हणजे गर्द न मिळाल्यावर होणारा त्रास, सुरू व्हायच्या आत दिली तर त्रास उलट उसळतो, म्हणून शेवटचा दम कधी मारला ते विचारून डॉक्टरांना सांग. डोसमध्ये तू पडू नकोस. आणि आधार कार्डावरून हुज्जत तर नकोच!