वाचकांचे प्रश्न : ड्रेनेजचं कनेक्शन आणि बागेला जाणारं सांडपाणी

प्रश्न : आमच्या रस्त्यात नुकतीच मलवाहिनी टाकली. मॅनहोल घरापासून १८ मीटरवर आहे. कंत्राटदार म्हणतो, ‘१०० मिलिमीटरचा पाइप सरळ नेऊन जोडतो. मध्ये चेंबर नको, परवानगीचं नंतर बघू.’ चालेल का?

उत्तर : परवानगी आधी. अर्जाच्या निमित्ताने तुम्हाला कामाची एक गोष्ट विचारून घेता येते : मलवाहिनीची तळपातळी. ती कळल्याशिवाय चर खणायला घेऊ नका. १०० मिमीच्या पाइपाला साधारण ६० ला १ असा ढाळ धरा. काही ठिकाणचे नियम ४० ला १ मागतात, काही ठिकाणी ८० ला १ चालतो. ६० ला १ म्हणजे तुमच्या १८ मीटरला ३० सेंटिमीटर. घराजवळच्या चेंबरात पाइपाचा तळ जमिनीखाली ४५ सेंमी असेल, तर सपाट जमिनीत तो रस्त्याशी ७५ सेंमीवर जाईल. आता मलवाहिनी त्याहून खाली आहे का ते पाहा. तुमचा पाइप तिच्या वरच्या अंगाने शिरला पाहिजे. तळाशी जोडला, तर ती थोडी भरून वाहू लागताच पाणी तुमच्या पाइपात तुंबतं. हिशेब बसत नसेल तर पंप लागेल, आणि ते आज कागदावर कळलेलं बरं.

उतार भरपूर मिळत असेल तर सगळा पाइप तिरपा करू नका. ढाळ एकसारखा ठेवा आणि उरलेली उंची शेवटच्या चेंबरात उतरवा. प्रत्यक्षात पाइप तुंबतात ते कमी ढाळामुळे किंवा मध्येच पोट पडल्यामुळे. खालची माती नीट ठोकली नाही की पाइप बसतो आणि त्या खोलगट जागी मळ साचू लागतो.

चेंबर नको, हे मात्र अजिबात ऐकू नका. जिथे पाइप वळतो, जिथे दुसरा येऊन मिळतो आणि तुमच्या हद्दीच्या आत शेवटी, एवढ्या ठिकाणी चेंबर हवाच. तुंबलं की सळई घालणार कुठून? चेंबरात जोड वाहत्या दिशेने तिरपा घ्या. काटकोनात आलेलं पाणी समोरच्या भिंतीवर आपटतं आणि मळ तिथेच थापला जातो.

माती लोटण्यापूर्वी एका चेंबरात विजेरी लावा आणि दुसऱ्यात आरसा धरा. आरशात पूर्ण गोल दिसला तर पाइप सरळ आहे. गोलाचा काही भाग झाकलेला दिसला तर पाइप मध्येच बसला किंवा वाकला आहे. मग खालचं टोक बंद करून वरच्या टोकाला दीड मीटर उंचीपर्यंत पाणी भरा आणि गळती पाहा. बहुतेक ठिकाणी हे निरीक्षकासमोर करावं लागतं. आधीच माती लोटलीत तर चर पुन्हा उघडावा लागेल. मुख्य वाहिनीला भोक पाडण्याचं काम परवानाधारक माणसाचं किंवा खात्याचं असतं, तुमच्या कंत्राटदाराचं नाही.

एक मापही घेऊन ठेवा. रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण तुमच्या न्हाणीघराच्या फरशीपेक्षा वर आहे का? असेल तर वाहिनी तुंबल्यावर घाण पाणी झाकणातून बाहेर येण्याआधी तुमच्या मोरीत वर येईल. अशा घराला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लावतात. तो चेंबरात, हात पोचेल असा बसवा. त्याच्या पडद्याखाली केस अडकले की तो पूर्ण मिटत नाही.

प्रश्न : गच्चीचं पावसाचं पाणी त्याच चेंबरात सोडलं तर?

उत्तर : नाही. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाभरात २० मिमी पाऊस पडला तर २,००० लिटर पाणी होतं. पाच माणसांचं घर अख्ख्या दिवसातही एवढं सांडपाणी काढत नाही. मलवाहिनी त्या मापाने घातलेली नसते.

प्रश्न : वॉशिंग मशीनचं पाणी पाच झाडांना द्यायचं आहे. टाकी, गाळणी, पंप असा संच घ्यावा का?

उत्तर : यातलं काहीच लागत नाही. मशीनचा स्वतःचा पंप पुरतो, फक्त त्याच्यावर ताण येता कामा नये. २५ मिमीपेक्षा बारीक पाइप वापरू नका, आणि सपाटीवर १५ मीटरच्या पुढे नेऊ नका. मशीनपेक्षा उंचावरच्या बागेसाठी ही रीत सोडून द्या.

मशीनच्या नळीला, डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, तीन तोंडांचा व्हॉल्व्ह लावा : एक वाट बागेकडे, दुसरी ड्रेनेजकडे. नियम बहुधा सगळीकडे ही परतीची वाट मागतात, आणि योग्यच आहे. पावसाळ्यात, ब्लीच वापरताना, बाळाचे लंगोट धुताना पाणी तिकडेच गेलं पाहिजे. बागेच्या पाइपाला सर्वांत उंच जागी हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह द्या. नाहीतर पाइप सायफनसारखं ओढतो आणि मशीन भरता भरताच रिकामी होत राहते.

प्रत्येक झाडाशी १२ मिमीचं एक तोंड काढा. ते मातीत पुरलं की मुळं आत शिरतात. म्हणून आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर द्या, त्यात बूड फोडलेली कुंडी उलटी ठेवा आणि पाणी त्या पोकळीत पडू द्या. कपड्यांचा लोकर-धागा पाचोळ्यात अडकून कुजून जातो. जाळीची गाळणी दर आठवड्याला धुवावी लागते. महिन्याभरात कोणी धूत नाही, आणि मग पंप जळतो.

समोरून उघडणारी मशीन धुण्यामागे साधारण ५० लिटर सोडते. आठवड्याला चार धुणी म्हणजे २०० लिटर, झाडामागे ४०. आधी जमिनीची परीक्षा घ्या. ३० सेंमी खोल खड्डा भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि पातळी अडीच सेंमी उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. तासाहून जास्त लागला तर चिकणमाती आहे, पाणी वर साचेल. वर साचलेलं किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेलं सांडपाणी जवळपास कुठल्याच नियमात बसत नाही. विहिरीपासूनचं अंतर स्थानिक कार्यालयात विचारा.

धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. पानांच्या कडा करपू लागल्या आणि मातीवर कडक पापुद्रा धरला तर द्रव साबणाकडे वळा. पालेभाज्या आणि कंदांना हे पाणी देऊ नका.

प्रश्न : न्हाणीघराचं पाणी टाकीत साठवतो. दुसऱ्या दिवशी कुजका वास येतो. औषध कोणतं घालू?

उत्तर : औषध नको, साठवणच नको. त्वचेचा मळ आणि साबण यांवर जिवाणू वाढतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मग हायड्रोजन सल्फाइडचा वास सुटतो. असं पाणी साठवायला २४ तासांची मर्यादा असते ती याचसाठी. स्वयंपाकघराचं पाणी तर अनेक नियमांत ग्रेवॉटर (संडास सोडून घरातलं बाकीचं, पुन्हा वापरता येणारं सांडपाणी) म्हणून धरतच नाहीत. त्यातलं तेल आणि अन्नकण यांमुळे हे सगळं आणखी लवकर होतं.

प्रश्न : ड्रेनेजला जोडल्यावर जुन्या सेप्टिक टाकीचं काय करायचं?

उत्तर : आधी पाणी थेट नव्या पाइपात वळवा. मग टँकरने टाकी उपसून घ्या आणि पावती जपा. ती अंतिम तपासणीत मागितली जाऊ शकते. टाकीत कोणीही उतरायचं नाही, ‘वास तर येत नाही’ म्हणत असला तरी. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला तो कळेनासाच होतो. वरचा स्लॅब फोडून लांब पहारीने वरूनच तळाला भोकं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी आत कोंडणार नाही. वाळू किंवा मुरूम थराथराने भरून प्रत्येक थराला पाणी मारा. भरण्यापूर्वी आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही पाइप कापून सिमेंटने बुजवा. येणारा उघडा राहिला तर त्याच वाटेने उंदीर घराच्या चेंबरापर्यंत येतात.