बागेत आणि शेडमध्ये लाइट न्यायचीय? आधी एवढं बघा

दादा, चांगलं काम काढलंय. पण वायर आणायच्या आधी कागदावर बाग काढा: मीटर कुठं, शेड कुठं, पाण्याची मोटार कुठं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बागेच्या लाइनला 30 मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे करंट गळून जमिनीत जायला लागला की लाइन लगेच तोडणारा स्विच. एमसीबी (जादा लोड किंवा शॉर्ट झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) वायर जळण्यापासून वाचवते. ओल्या मातीत अनवाणी उभ्या माणसाला शॉक बसला तर एमसीबी पडून लाइन बंद होईलच असं नाही. तिथं आरसीसीबीच लागते. तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघत जा.

बाकी सुरुवातीला एवढंच:
- जमिनीखालून आर्मर्ड केबलच (आत लोखंडी तारांचं किंवा पट्ट्यांचं कवच असलेली), अडीच फूट खोल, वर वाळू आणि विटा. नवखे साधी वायर वितभर खोल पुरतात आणि पुढं आळं करताना कुदळ तिच्यावरच बसते.
- अर्थिंग शेडपर्यंत न्या. शेड पत्र्याची असेल तर पत्र्यालाही.
- बाहेरचे सॉकेट झाकणाचे, आयपी 65 चे, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणारे.

आपण सांगलीकरांनी 2019 आणि 2021 चा कृष्णेचा पूर बघितलाय. घर नदीकडच्या भागात असेल तर भिंतीवरच्या पुराच्या पाण्याच्या खुणेपेक्षा उंचावरच बोर्ड लावा, आणि बागेची लाइन घरातूनच बंद करता यायला हवी.

चर तुम्ही खणा, जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच. टायमर, सेन्सरचं नंतर बोलू. चर बुजवायच्या आधी फोटो काढून ठेवा.