पीएलसीसाठी स्टेट मशीन शिकायचं आहे, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

तुम्ही लिहिलंय की पीएलसीचं (कारखान्यातलं मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) लॅडर, म्हणजे शिडीसारख्या आकृतीतला प्रोग्रॅम, चांगलं येतं, पण मशीन मोठं झालं की लॉजिक हाताबाहेर जातं आणि साहेब म्हणतात, "अजून एक फ्लॅग लाव, होईल." त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. स्टेट मशीन म्हणजे मशीन कुठल्या अवस्थेत आहे आणि कुठल्या घटनेने कुठे जातं, ते आधीच ठरवून लिहिलेला प्रोग्रॅम.

मी भोसरीत एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठीची खास मशीन, बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. एका गिऱ्हाइकाला लीक टेस्टिंगचं मशीन दिलं. पीस क्लॅम्प करायचा, सील करायचा, हवा भरायची, दाब स्थिर होऊ द्यायचा, किती उतरतो ते मोजायचं, हवा सोडायची, क्लॅम्प उघडायचा. प्रोग्रॅम आमच्या सिनियरचा, सगळा सेट-रिसेटवर, म्हणजे दहा बिटं (तेच फ्लॅग) चालू-बंद करून. महिनाभर उत्तम चाललं. मग लाइनवरच्या ऑपरेटर ताई म्हणाल्या, "साहेब, कधीकधी हवेचा आवाज यायच्या आधीच हिरवा दिवा लागतो."

सिनियर म्हणाले, "त्यांना काय कळतंय, सेन्सर बघ." दोन रात्री मी सेन्सर, वायरिंग, अर्थिंग तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी ताईंच्या शेजारी उभा राहिलो, तेव्हा दिसलं. पीस पास झाल्यावर, क्लॅम्प उघडायच्या आत इमर्जन्सी दाबली की नऊ बिटं रिसेट व्हायची. दहावं, 'पीस ओके'चं, मागाहून घातलेलं. रिसेटच्या ओळीत त्याची आठवण कुणालाच राहिली नव्हती. पुढचा पीस न तपासताच पास!

दहा बिटं म्हणजे १०२४ अवस्था. त्या मशीनला लागत होत्या फार तर बारा. उरलेल्या हजारभरांत ते गेलं तर काय करायचं, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. मी सगळं काढून एकच आकडा ठेवला, स्टेप. ० म्हणजे मोकळं, १० क्लॅम्प, २० सील, ३० हवा, ४० स्थिर होणं, असं पुढे. हिरवा दिवा फक्त ७० मध्ये, म्हणजे पीस पास झाल्यावरच. आकडा एका वेळी एकच असतो, मागचा ओके उरायला जागाच नाही.

तेव्हा सॉफ्टवेअर नको, मोठा कागद घ्या. डावीकडे अवस्था, वर घटना: स्टार्ट, इमर्जन्सी, पीसचा सेन्सर गेला, टायमर संपला, वीज जाऊन आली. प्रत्येक चौकोन भरा, 'काही करायचं नाही' असेल तर तेही लिहा. अवस्थांचे गोल आणि त्यांच्यामधले बाण काढताना आपण सगळं सुरळीत चालेल तीच वाट काढतो. तक्त्यात कोरा चौकोन डोळ्यांत खुपतो. 'हवा भरलेली असताना सेन्सर गेला' या चौकोनाचं उत्तर मला येत नव्हतं, ताईंना येत होतं: आधी हवा सोडा, मग क्लॅम्प, नाहीतर पीस उडतो.

एक खड्डा सांगतो. एकाच स्कॅनमध्ये (पीएलसीने प्रोग्रॅम एकदा वरून खाली वाचणं) दोन स्टेप उडी मारून जातात. पुढची स्टेप वेगळ्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायची जागा) लिहा आणि स्कॅनच्या शेवटी एकदाच हलवा. आउटपुट आधी फक्त अवस्थेवरून ठरवा, म्हणजे एडवर्ड मूर यांची १९५६ ची पद्धत. घटनेवरही आउटपुट ठरवणारी जॉर्ज मीली यांची पद्धत नंतर शिका.

साधी मोटर चालू-बंद करायला यातलं काही लागत नाही. लोडर आणि टेस्टर स्वतंत्र चालत असतील तर दोन स्टेट मशीन करा, एकात कोंबलं की अवस्थांचा गुणाकार होतो. त्यावर संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये अवस्थेच्या पोटात अवस्था मांडली, ती पुढे शिका. आणि इमर्जन्सी सेफ्टी रिलेवरच (प्रोग्रॅमशिवाय थेट वीज तोडणारं उपकरण) ठेवा, प्रोग्रॅमच्या भरवशावर नाही.

सिनियर म्हणाले होते, ओळी दुप्पट झाल्या. झाल्या. पण त्यानंतर रात्री दोनला मेंटेनन्सवाल्याचा फोन आला, तर तो एवढंच म्हणायचा, "सर, चाळीसवर अडकलंय," आणि मला अंथरुणात बसूनच कळायचं की दाब स्थिर होत नाहीये, सील बघायला हवं.