ट्रम्पेट काळा पडलाय, काय करू?

प्रश्न: बाबांचा बँडमधला जुना ट्रम्पेट, पितळेवर चांदीचं पाणी दिलेला, पार काळा पडलाय. टूथपेस्टने घासलं, डाग हलत नाही.
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर: आधी ते घासणं थांबवा बरं! चांदीचा थर केसापेक्षा पातळ, डागाआधी तोच जायचा. काळं म्हणजे हवेतल्या गंधकाने झालेलं सिल्व्हर सल्फाइड, तुमच्याकडे खाडीचा जो वास येतो ना, त्यातही गंधकच. व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) आणि फेल्ट (त्यांच्या मऊ लोकरी चकत्या) काढून ठेवा, टबात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरून गरम पाणी नि खायचा सोडा घाला, चांदी फॉइलला टेकली पाहिजे हां, १० मिनिटं ठेवा, सडक्या अंड्यांसारखा वास आला तर घाबरू नका, काम चालू आहे. वर लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर, असेल तर मात्र हे नको. पिवळं दिसतंय तिथे चांदीच संपली, परत प्लेटिंगच करावं लागेल. आणि केसमध्ये रबरबँड ठेवू नका, त्यातही गंधक असतं.