"तेका काय सांगू नकात"

"मॅडम, तेका काय सांगू नकात हां." ब्लड कॅन्सर झालेल्या मुलाचे आईबाप कुडाळला माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा पहिलं वाक्य हेच. पोर दाराबाहेर चपला काढत असतं तेवढ्यात, हळू आवाजात.

हा आठ वर्षांचा, मालवणजवळचा. एएलएल हा ब्लड कॅन्सर, म्हणजे लहान मुलांत सगळ्यांत जास्त दिसणारा कॅन्सर. उपचार परळच्या टाटात. घरात मात्र "रक्त कमी झालाहा" एवढंच. रात्रीची गोळी तो निमूट गिळायचा. आईला त्याचं कौतुक, मला तेच खटकलं. आठ वर्षांचं पोर काहीच विचारत नसेल, तर उत्तर त्याने स्वतःच शोधलेलं असतं.

मी परातीत वाळू देते. उपदेशाने बंद होणारी मुलं वाळूत उघडतात. तिसऱ्या खेपेला त्याने टेकडी केली, वर दगड ठेवला, पुढ्यात शिंपला. मग शिंपला उचलून वाळूत पुरला. मी गप्प राहिले. (हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.) बऱ्याच वेळाने तो पुटपुटला, "राखणदाराचो नारळ मी खाल्लंय. म्हणान माका सुयो मारतत." राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव.

चूक केली की शिक्षा आपोआप मिळते असं लहान मुलांना वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेने 1932 मध्येच लिहून ठेवलंय. आपण सांगत नाही, म्हणून काही उत्तराची जागा रिकामी राहत नाही. तिथे नारळ येऊन बसतो.

आईला आत बोलावलं. त्याला म्हटलं, रक्त हाडाच्या आत तयार होतं. तिथे काही पेशी भलत्याच वाढल्या, चांगल्यांची जागा अडवली.

"म्हणजे तण," तो म्हणाला.

"हो. आणि तणाचं औषध थोडं भातालाही लागतं, म्हणून केस गेले. याला ब्लड कॅन्सर म्हणतात. नारळाने होत नाही, तुझ्यापासून बहिणीला लागत नाही."

आई रडली. तो परातीतला शिंपला उकरून काढत होता.

तेव्हा आईबापांनो, नाव सांगा, पण त्याआधी "तुझी चूक नाही" सांगा. उपचार दोन-तीन वर्षं चालतात, त्यामुळे "ही शेवटची सुई" असं खोटं कबूल करू नका. "मी मरतलंय काय?" विचारलं तर विषय बदलू नका, उपचार पुरे केले की बरीच मुलं बरी होतात, हे खरं आहे, तेच सांगा. आणि ताप आला तर अंगारा-धुपारा करत रात्र काढू नका, लगेच डॉक्टर गाठा.

पुढच्या खेपेला आई तक्रार घेऊनच आली. "ही गोळी कसली, ती किती दिवस, तण गेला काय! मॅडम, आता गप बसणा नाय."